सत्कारसभेत दिलेला ग्रंथ

जगाचा इतिहास बदलणारे ग्रंथ कोणते, असा प्रश्न निघाला म्हणजे त्याच्या उत्तरादाखल येणाऱ्या याद्या बहुधा ठरलेल्या असतात. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' (१६८७), डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' (१८५९), मार्क्सचा 'दास कापिटाल' (१८६७) ही नावे कोणत्याही यादीत सापडतात. आपण वैद्यक व्यवसायातील मंडळी त्यांत व्हेसालियसचा शरीररचनेवरील ग्रंथ (१५४३) आणि हृदय व रक्ताभिसरण यांवरील विल्यम हार्वेचे छोटेखानी पुस्तक (१६२८) यांची भर घालतो. मराठी माणूस ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा आणि दासबोध यांच्यापाशी आदराने थांबतो आणि पुढे महात्मा फुले यांची 'गुलामगिरी' (१८७३) व लोकमान्यांचे 'गीतारहस्य' (१९१५) यांच्याकडे वळतो.

या याद्यांशी माझे भांडण नाही. परंतु त्या वाचताना असा समज होतो, की थोर ग्रंथ आपल्याच तेजाने समाजात पसरतो आणि आपण केवळ त्याचे साक्षीदार असतो. प्रत्यक्षात कोणीतरी ग्रंथ लिहितो, कोणीतरी त्याच्या प्रसारासाठी पैसा खर्च करतो आणि कोणीतरी तो एका विशिष्ट माणसाच्या हाती ठेवतो. यांपैकी पहिल्याचे नाव मुखपृष्ठावर येते, दुसऱ्याचे कधीमधी प्रस्तावनेत येते, तिसऱ्याचे मात्र बहुधा कोठेच येत नाही. हा लेख त्या तिसऱ्या माणसाविषयी आहे आणि त्याचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला इंदूरपासून फार दूर जावे लागत नाही.

राजवाड्याला लागून असलेला खजुरी बाजार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. शाळा उघडण्याच्या सुमारास पालकांची तेथे झुंबड उडते. नवी आणि जुनी पुस्तके, वह्या, मार्गदर्शिका यांचे ढीग लागलेले असतात. ज्या होळकरांचा वाडा त्या बाजाराच्या शेजारी उभा आहे, त्यांचा ग्रंथप्रसाराशी असलेला एक संबंध मात्र आज फारसा कोणाला आठवत नाही. मुंबईतील शिक्षक आणि ग्रंथकार कृष्णराव अर्जुन केळूसकर (१८६०–१९३४) यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत मराठी चरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या आधारे प्रा. टाकखाव यांनी सिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ १९२१ साली प्रकाशित झाला. मराठी न जाणणाऱ्या जगापुढे महाराजांचे चरित्र मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने जावे, हा त्यामागील हेतू होता. या इंग्रजी ग्रंथाच्या प्रसारासाठी इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांनी भरघोस द्रव्यसाह्य केले. आपल्या संस्थानाच्या इतिहासातील ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

परंतु याच केळूसकरांच्या हातून दुसरे एक ग्रंथदान घडले. त्यासाठी कोणत्याही संस्थानाच्या तिजोरीची गरज पडली नाही. ते एकाच प्रतीचे होते आणि एकाच मुलाला केलेले होते. तो मुलगा जन्मला होता राजवाड्यापासून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवरील महूच्या लष्करी छावणीत, १४ एप्रिल १८९१ रोजी. त्याचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे, भाषा मराठी, पंथ कबीराचा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ती समाविष्ट झाली नाही. तीत त्यांनी या प्रसंगाची हकिकत सांगितली आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा समाजातील मंडळींनी त्यांच्या अभिनंदनाची सभा भरविण्याचे ठरविले. वडिलांनी साफ नकार दिला. अशाने मुलाच्या डोक्यात वारे शिरेल, अशी त्यांना धास्ती होती. तेव्हा मंडळी केळूसकरांकडे गेली. केळूसकर रामजींचे स्नेही होते. त्यांनी रामजींची समजूत घातली, सभा झाली आणि सभेच्या शेवटी दादा केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. चरित्रकारांनी हाच प्रसंग १९०७ साली, मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरचा म्हणून नोंदविला आहे. वर्ष कोणतेही धरले, तरी सभा विद्यार्थ्याच्या गुणगौरवाची होती आणि सत्कारमूर्ती किशोरवयीन होता, यात फरक पडत नाही.

त्या पुस्तकाने काय केले? आपण बुद्धाकडे कसे वळलो याचे उत्तर देताना बाबासाहेब या भेटीपासूनच सुरुवात करतात. घरात वडिलांनी रामायण-महाभारताचे वाचन करवून घेतले होते. त्या कथांविषयी मनात उठणाऱ्या प्रश्नांना या चरित्राने एक वेगळी बैठक दिली. पुढे जवळजवळ अर्धे शतक तो विचार मुरत राहिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली प्रकाशित झाला. एका मराठी चरित्रग्रंथाची एक प्रत आणि विसाव्या शतकातील एक मोठे धर्मांतर यांच्यामध्ये अशी सलग रेषा काढता येते.

वैद्यकाच्या अभ्यासकाला येथे शंका यावी, आणि ती रास्तच आहे. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. त्या एका पुस्तकाने आंबेडकर घडविले, असे म्हणणे हा भाबडेपणा होईल. पुस्तकांसाठी हात आखडता न घेणारे, प्रसंगी विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवून मुलाची पुस्तके आणणारे वडील त्यांच्यामागे होते. केळूसकरांच्याच शिफारशीने सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली, १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ गाठता आले. अस्पृश्यतेचे चटके तर शाळेच्या पहिल्या दिवसापासून होते. तरीही विरजणाचे उदाहरण घ्यावेसे वाटते. दूध लागतेच, ते कोमटही असावे लागते. पण चमचाभर विरजण योग्य वेळी पडले नाही, तर ते दूध काही आपोआप दही होत नाही. केळूसकरांचे पुस्तक असे योग्य वेळी पडले. हे कोणत्याही यादीकाराला आधी सांगता आले नसते, कारण खपाच्या वा कीर्तीच्या मोजपट्टीवर ते चरित्र जगातील थोर ग्रंथांत कोठेच बसत नाही.

या विरजणाने पुढे किती दूध विरजले, तेही पाहावे. दादरचे 'राजगृह' बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा मिळावी या विचाराने बांधून घेतले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथून आणि तत्सम संस्थांतून शिकलेल्या पिढ्यांनी स्वतः लेखणी हाती घेतली. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि मराठी आत्मचरित्राचा चेहराच पालटला. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ने त्याच जीवनाची स्त्रीच्या डोळ्यांनी पाहिलेली बाजू मांडली. ग्रंथाचा प्रभाव मोजायचा, तर त्यातून पुढे किती माणसे लिहिती झाली हेही मोजले पाहिजे.

इथवर मी प्रभाव हा शब्द गौरवाच्या अर्थाने वापरला. परंतु प्रभाव ही शक्ती आहे. ती औषधासारखी तारते, तशी मारूही शकते. बालरोगशास्त्रात याचे एक बोलके उदाहरण आहे. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक १९४६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि त्याच्या जगभर पाच कोटींच्या आसपास प्रती खपल्या. आईने आपल्या बुद्धीवर विश्वास ठेवावा, मुलाला जवळ घ्यायला भिऊ नये, असे सांगणाऱ्या या पुस्तकाने कित्येक घरांतील कडक शिस्तीचा जाच कमी केला. त्याच पुस्तकात, पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धातील आवृत्तीपासून, तान्ह्या बाळाला पालथे झोपवावे असा सल्ला आला. उताणे बाळ ओकले तर गुदमरेल, हे त्यामागील कारण सद्हेतूचेच होते. पुढील संशोधनाने दाखविले, की पालथे झोपविल्याने पाळण्यातील आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो. नव्वदच्या दशकात बाळाला उताणे झोपविण्याच्या मोहिमा ब्रिटन व अमेरिकेत निघाल्या आणि असे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. मधल्या काळात एका लोकप्रिय आणि प्रेमळ पुस्तकातील एका वाक्यावर विसंबून किती बाळे पालथी झोपली असतील, याचा विचार कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला अस्वस्थ करतो.

तरी वैद्यकग्रंथाला एक सोय असते, नव्या आवृत्तीची. 'नेल्सन' किंवा 'घई' यांची जुनी आवृत्ती आपण कपाटात ठेवतो, पण तीत पाहून औषधाची मात्रा लिहीत नाही आणि असे केल्याने ग्रंथकर्त्यांचा अपमान झाला, असे कोणी मानत नाही. ज्या ग्रंथांना समाज पवित्र मानतो, त्यांची नवी आवृत्ती मात्र निघत नाही. मग त्यांतील चुकीच्या मात्रेचे काय करायचे? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, ते या प्रश्नाला दिलेले उत्तर होते. त्या ठरावाचा पुरस्कार करणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. पुस्तकांसाठी घर बांधणाऱ्या माणसाने एक पुस्तक जाळले यात मला विसंगती दिसत नाही. ग्रंथ माणसांच्या आयुष्यावर किती खोल परिणाम करतो, हे ज्याला पक्के कळले आहे, त्यालाच त्या परिणामाचा एवढा जाहीर निषेध करण्याची गरज भासते.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळतो. इंदूरच्या मराठी समाजाला ग्रंथप्रेमाचा अभिमान आहे आणि तो अनाठायी नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या नगरीत १९१७, १९३५ आणि २००१ असे तीन वेळा भरले. महाराष्ट्राबाहेरच्या एका शहराच्या दृष्टीने ही थोडी गोष्ट नाही. परंतु आपल्या भाषणांतून आणि लेखांतून माळव्यातील मराठी माणसांच्या कर्तृत्वाचा पाढा वाचला जातो, तेव्हा देवी अहिल्याबाई येतात, मल्हारराव आणि यशवंतराव येतात, कवी, गायक, वकील, क्रिकेटपटू आणि डॉक्टर येतात. महूच्या छावणीत जन्मलेला, मराठीत 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) चालविणारा मराठी माणूस त्या पाढ्यात अनेकदा राहून जातो. त्यांची आठवण निघते ती १४ एप्रिलला, आणि तीही जणू दुसऱ्या कोणाची जयंती असावी अशी. ज्या समाजाला आपल्या परिसरात जन्मलेला सर्वांत मोठा ग्रंथकार आपला वाटत नाही, त्याने आपल्या ग्रंथप्रेमाची सीमा कोठे आखली आहे हे तपासून पाहिले पाहिजे. माझ्या मते ही आपल्या समाजाची जुनी उणीव आहे आणि ती भाषणांनी भरून निघणारी नाही.

केळूसकरांच्या कृतीचे मोल याच ठिकाणी कळते. त्यांनी पुस्तक दिले ते आपल्या घरातल्या, आळीतल्या किंवा जातीतल्या मुलाला दिले नाही. ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नसे, त्याच्या सत्काराला ते गेले आणि रिकाम्या हातांनी गेले नाहीत. शिवाय जे पुस्तक दिले, ते त्यांनी स्वतः लिहिलेले होते, म्हणजे त्यात काय आहे याची पूर्ण जबाबदारी त्यांची होती.

आपल्याकडे दरवर्षी निकाल लागले, की निरनिराळ्या मराठी संस्थांचे गुणगौरव समारंभ होतात. दहावी-बारावीची मुले व्यासपीठावर येतात, त्यांना पुष्पगुच्छ मिळतो, सोनेरी मुलामा दिलेले प्लॅस्टिकचे स्मृतिचिन्ह मिळते, छायाचित्र निघते आणि नाव पुकारले की पुढचा मुलगा येतो. पुष्पगुच्छ दुसऱ्या दिवशी सुकतो, स्मृतिचिन्ह दिवाणखान्याच्या काचेआड धूळ खात बसते. पुस्तक दिलेच, तर ते बहुधा घाऊक खरेदीतले, सर्वांना एकच आणि देणाऱ्याने न उघडलेले असते. वास्तविक असा समारंभ किती दूरवर पोहोचू शकतो, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या डॉक्टरांच्या संस्थेने यापुढे स्मृतिचिन्हे बंद करावीत. प्रत्येक सदस्याने एका विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावी, त्याची आवड विचारावी, स्वतः वाचलेले एक पुस्तक निवडावे, त्यावर स्वहस्ताक्षरात दोन ओळी लिहाव्यात आणि ते द्यावे. या विद्यार्थ्यांत निम्मी मुले तरी आपल्या सभासदांच्या कुटुंबांबाहेरची असावीत: महूच्या वस्त्यांतील, आपल्या रुग्णालयांत काम करणाऱ्या आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांच्या घरची.

दुसरी सूचना आपल्या दवाखान्यांसंबंधी आहे. अमेरिकेत १९८९ साली बोस्टन येथील बालरोगतज्ज्ञांनी एक उपक्रम सुरू केला. बाळ तपासणीला आले, की डॉक्टरने त्याच्या वयाला साजेसे एक चित्रपुस्तक त्याच्या हाती द्यायचे आणि ते रोज वाचून दाखवा, असे आईवडिलांना सांगायचे. सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटासाठी सुरू झालेला हा उपक्रम पुढे त्या देशभर पसरला आणि २०१४ मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मुलांना जन्मापासून वाचून दाखविण्याचा सल्ला हा आपल्या कर्तव्याचा भाग मानला. आपल्याकडे तर लसीकरणाचे वेळापत्रक तयारच आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीसाठी बाळ येते, दीड वर्षाच्या सुमारास बूस्टरसाठी येते, पाचव्या वर्षी पुन्हा येते. या तीन भेटींना एक एक मराठी चित्रपुस्तक जोडणे कोणत्याही डॉक्टरच्या खिशाला जड जाऊ नये. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त मराठी पुस्तके आहेत, माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेची सुंदर सचित्र पुस्तके आहेत.

यावर नेहमीचा आक्षेप येईल, की आमची मुले आता मराठी वाचत नाहीत, त्यांचे सारे व्यवहार हिंदी-इंग्रजीत आणि मोबाईलच्या पडद्यावर चालतात. त्यातले पडद्याचे गाऱ्हाणे खरे आहे. बोलायला उशीर होणारी मुले घेऊन येणारे आईवडील मला रोज भेटतात आणि त्यांतील पुष्कळांच्या हाती बाळाला गप्प बसविणारा मोबाईल असतो. परंतु मराठीपुरते बोलायचे, तर इंदूरच्या मुलाची स्थिती लंडन वा न्यू जर्सीच्या मराठी मुलापेक्षा कितीतरी सोपी आहे. हिंदीमुळे देवनागरी त्याला येतेच. एक 'ळ' समजावून दिला, की लिपीची अडचण संपते. अडचण आहे ती घरात मराठी पुस्तक असण्याची आणि ते मांडीवर घेऊन बसणाऱ्या मोठ्या माणसाची. आजोबांचा ग्रंथसंग्रह रद्दीवाल्याकडे तराजूने तोलून देणारी घरे या शहरात वाढत आहेत. त्यांतील काही पुस्तके खजुरी बाजाराच्या जुन्या पुस्तकांत येऊन पडतात आणि तेथे त्यांना वाचक मिळाला, तर ते त्यांचे भाग्यच म्हणायचे.

राजवाडा १८०१ मध्ये जळाला, १९८४ मध्ये पुन्हा जळाला आणि दोन्ही वेळा इंदूरकरांनी तो पुन्हा उभा केला, कारण तो आपला आहे असे सर्वांना वाटत होते. पुस्तकांच्या बाबतीत अशी आग दिसत नाही, त्यामुळे कोणी धावूनही जात नाही. आपल्या संस्थेचा पुढील गुणगौरव समारंभ फार दूर नाही. त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर पुष्पगुच्छांऐवजी पुस्तकांचा उल्लेख असावा आणि सत्कारमूर्तींच्या यादीत महूच्या मुलामुलींची नावे असावीत, असा ठराव कार्यकारिणीने करावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. त्या यादीतील पहिल्या दहा मुलांसाठी पुस्तके निवडण्याचे आणि ती आधी स्वतः वाचण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेईन.